डाव्या हाताचं फडकं

सोजर लग्न होऊन कोथरूडच्या त्या दोन खोल्यांत आली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिला स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला एक हात लटकलेला दिसला. दुधाचं भांडं सुटता सुटता राहिलं. भीत भीत जवळ जाऊन बघितलं, तर ते फडकं होतं.

जुन्या सुती पातळाच्या घड्यांवर घड्या घालून, गोधडीसारखे बारीक टाके मारून, हातमोजा शिवावा तसं शिवलेलं. चार बोटांना मिळून एक पिशवी, अंगठ्याला वेगळी. तळव्याच्या बाजूला धूळ टिपायला पदराच्या दशा मोकळ्या सोडलेल्या. हात घालायचा आणि समईचा गळा, रेडिओची बटणं, कपाटाची नक्षी, जिथं साधं फडकं पोचत नाही तिथं बोटांनी शिरायचं. रोजच्या वापरानं त्याला हाताचा आकार आला होता. रिकामं असलं तरी त्याची बोटं किंचित वाकलेली असायची, काहीतरी उचलून घ्यायला निघाल्यासारखी.

ते कुसुमचं होतं. कुसुम ही जयसिंगची पहिली बायको. काविळीनं गेली. जयसिंग स्वारगेटच्या एसटी डेपोत कारकून होता, आईबाप मागेच गेलेले, हातानं भाकरी थापून खाणारा माणूस. आणीबाणी उठली त्या वर्षी नातेवाइकांनी गळ घालून त्याचं दुसरं लग्न लावून दिलं. सोजर मांजरी गावची. आजारी बापाचं करता करता तिचं लग्नाचं वय टळून गेलेलं, त्यामुळे बिजवराला कुणी नावं ठेवली नाहीत.

लग्नात तिच्या गळ्यात मंगळसूत्र पडलं, त्याच्याबरोबर काळ्या पोतीत ओवलेला एक चांदीचा टाकही पडला. नखाएवढा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. तो सवतीचा टाक. पहिली सवाष्ण गेली आणि नवऱ्यानं दुसरी केली की दुसरीनं पहिलीला अशी गळ्यात वागवायची. नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग आपण नेसायचं. गोडधोड केलं तर आधी तिला दाखवायचं.

"तिचं काय बी टाकू नगंस," सोजरची आई तुळजाबाई निघताना म्हणाली होती. "तिचा संसार हाय. तू मागनं आलीयास. इचारून वागलीस तर ती तुला सांभाळील. न्हाई वागलीस तर..."

"तर काय?"

"तर माझ्या तोंडातनं कशाला वदवतीस?"

म्हणून सोजरनं ते फडकं खिळ्यावरच राहू दिलं, आणि आपली झाडपूस एका फाटक्या टॉवेलच्या तुकड्यानं चालवली.

शेजारी श्यामलाकाकू राहायच्या. त्यांचे यजमान यज्ञेश्वर जोशी शाळेतून निवृत्त झालेले, दिवसभर गॅलरीत पेपर वाचत बसलेले. काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या की आधी नजरेनं सगळं घर फिरून यायच्या आणि मग बोलायच्या.

"समई घासलीस का गं?"

"घासली की काकू."

"असं होय. मला वाटलं काळी आणलीय बाजारातून." मग दाराआडच्या फडक्याकडे बोट. "ते काय शोभेला ठेवलंयस? कुसुम चिंचेनं घासायची, धुवायची, कोरडं करायची आणि शेवटी ह्यानं पुसायची. तोंड दिसायचं भांड्यात."

सोजरनं त्या दुपारी फडकं खिळ्यावरून काढलं. "वापरू का बाई?" असं टाकाला हात लावून विचारलं आणि उजवा हात आत घातला. जाईना. अंगठा भलत्या बाजूला. मग तिच्या ध्यानात आलं, कुसुम डावखुरी होती. शिवणारीनं आपल्या हाताचं शिवलं होतं.

तिनं डावा हात घातला. तो मात्र सहज गेला, जणू आतून कुणी ओढून घेतला.

सोजरला डाव्या हातानं साधं मीठ घालता येत नव्हतं. पण फडकं चढवलं आणि तो हात समईवर असा फिरायला लागला की ती नुसती बघत राहिली. गळ्याशी दोन वळसे, मग खाली, मग दशांनी पाकळीपाकळीतली धूळ झटकून वर. समई झाली. घागर झाली. रेडिओ झाला, कुसुमच्या तसबिरीची काच झाली. कुठं काय आहे हे त्या हाताला पाठ होतं. मग खोलीच्या मधोमध आल्यावर हात थांबला, आणि हळूहळू वर जायला लागला. खांद्यापर्यंत. डोक्याच्या वर. सोजर टाचा उंचावून उभी राहिली, का ते तिला कळेना.

तिनं वर बघितलं. पांढऱ्या चुन्याच्या छताला पाळण्याचा लोखंडी आकडा होता. आजूबाजूला कोळ्याची जाळी लोंबत होती, चुन्याला धूर चढला होता. आणि आकडा लखलखत होता. आत्ताच कुणी पुसावा तसा.

तिनं उजव्या हातानं ते फडकं ओरबाडून काढलं आणि खिळ्यावर फेकल्यासारखं अडकवलं. रात्री जयसिंगला काही बोलली नाही. काय बोलणार? नव्या बायकोनं जुनीचं नाव काढलं की माणसाला वाटतं, हिला जळतंय.

त्याच सालात सोजरला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं, पुन्हा राहील. पण सोजर घरी येऊन आरशासमोर उभी राहिली तेव्हा गळ्यातला टाक काळाठिक्कर पडला होता. विभूतीनं घासला, निघेना. मऊ काहीतरी हवं म्हणून कुसुमच्या फडक्याची दशी त्यावर फिरवली, तर एका हातात उजळला.

तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं. कुसुम बिनलेकराची गेली. आता दुसरीच्या कुशीतलं तिला बघवत नाही. आकडा पुसून ठेवते, पाळणा मात्र लागू देत नाही.

पुढल्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. तिसरा महिना सरला, चौथा सरला, पोटात हालचाल जाणवायला लागली. सोजर जपून पावलं टाकायची, वर बघायचं टाळायची. पण खोलीत केर काढताना मानेवर काहीतरी चमकल्यासारखं व्हायचं, आणि न बघताही तिला कळायचं की आकडा लखलखीत आहे. कधी दाराआडून जाता जाता फडक्याला हात लागायचा. ते ऊबदार असायचं. आत्ता कुणी हात काढून घेतल्यासारखं.

भादव्यात गणपती गेले, पितृपंधरवडा लागला. तुळजाबाई मांजरीहून भाजीची पिशवी घेऊन आली. लेकीचा चेहरा बघूनच तिनं ओळखलं. सोजरनं रडत रडत सगळं सांगितलं.

"ते फडकं मला दे," तुळजाबाई म्हणाली. "मी नदीत सोडती. जाताना वाटंतच हाय."

काकू दारातच होत्या. "फडकं बुडवायला मांजरीपर्यंत कशाला न्यायचं? आमची पुण्याची नदी काय कोरडी पडलीय?"

"तुमाला चेष्टा सुचतीया, बाई. माझी लेक पोटुशी हाय."

"म्हणूनच म्हणते. पोटुशीच्या डोक्यात भलतंसलतं भरू नये."

पण तुळजाबाईनं फडकं खिळ्यावरून काढलंच. तेवढ्यात जयसिंग कामावरून आला. त्यानं सासूच्या हातात ते बघितलं आणि पायातली चप्पल काढायच्या आधी पुढं होऊन काढून घेतलं. बोलला एवढंच, "मामी, हे इथंच राहील." पुन्हा खिळ्याला लावलं. लावताना त्याची बोटं त्यावर जरा जास्तच वेळ रेंगाळली, ते सोजरनं पाहिलं.

तुळजाबाई जाताना लेकीच्या कानाशी लागली. "नवमी आली हाय. आहेव नवमी. ती कुंकवासकट, आहेवपणी गेली, तिचा दिस तोच. पोटभर जेवू घाल. ओटी भर, लुगडं दे. हात जोडून म्हण, माझं एवढं लेकरू मला राहू दे. आणि घर असं झाड की तिनं बघितलं तर तिला वाटावं, आपलंच हाय."

म्हणून अष्टमीच्या दिवशी, जयसिंग कामावर गेल्यावर, सोजरनं घरातली सगळी भांडी खाली काढली. चिंच भिजत घातली, घागर, समई, ताम्हण, तांब्ये, अगदी पोहे ठेवायचा डबासुद्धा घासून धुऊन उन्हात मांडला. मग पुसायची वेळ आली. टॉवेलच्या तुकड्यानं पुसलं तर ते कुसुमच्या हातचं झालं नसतं. फडकं हवं. पण डावा हात पुन्हा त्यात घालायची सोजरची छाती होईना. पोटातलं लेकरू आणि तो वर जाणारा हात, दोन्ही एकदम तिला नको होते.

मग तिला सुचलं ते कुणाही गरजवंत बाईला सुचेल असंच होतं. फडकं उलटं केलं की अंगठा दुसऱ्या बाजूला येईल. डाव्याचं उजव्याचं होईल. हात माझा राहील, फडकं तिचं.

तिनं मनगटाकडची कड धरली आणि फडकं आतून बाहेर काढायला लागली. टाके घट्ट होते. अंगठा उलटला. मग बोटांची पिशवी, जरा जोर करून, बाहेर आली. सोजर मागच्या दाराच्या उजेडात उभी होती. तिनं हातातल्या गोष्टीकडं बघितलं आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

आतलं अस्तर पातळाचं नव्हतं. ती कुंची होती. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर घालतात ती, गुलाबी छिटाची, कडेला चंदेरी झालर लावलेली. न कापता, मागचा झोळ दुमडून, जिथं बाळाचं डोकं येतं तिथं बोटं येतील अशी बेतानं आत बसवलेली. झालर कुठं टोचू नये म्हणून तिला वरून मलमलीची पट्टी. आणि कपाळाच्या कडेला, झालरीच्या जरा आत, काजळाचा एक डाग. तीट लावताना कुंचीला लागतो तसा. बाहेरून कितीदा धुतलं असेल, आतला डाग जपून राहिला होता.

रोज ती बाई हात घालत होती, तो फडक्यात नव्हे.

मग सोजर तशीच उठून शेजारी गेली. काकू तांदूळ निवडत होत्या. सोजरनं हात पुढं केला. काकूंनी चष्मा लावला. कुंची ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. टोमणा त्यांच्या ओठांवर आला असला तरी तिथंच विरला.

"ही मीच आणली होती गं," त्या म्हणाल्या. "झालर लक्ष्मी रोडवरून."

"म्हणजे लेकरू होतं?"

"मुलगा. जयसिंगनं सांगितलं नाही?" काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "बारसं दुसऱ्या दिवशी होतं. पाळणा टांगलेला, घुगऱ्या भिजत घातलेल्या. सकाळी बाळ उठलंच नाही. थोरामोठ्यांनी काय सांगावं? दात न आलेलं लेकरू, त्याचं ना सुतक ना श्राद्ध, मातीत द्यायचं आणि विसरायचं. नावसुद्धा ठेवलेलं नाही, आठवायचं तरी काय म्हणून? सगळे असंच म्हणाले. मीही म्हणाले." त्यांनी कुंचीवरून बोट फिरवलं. "नंतर ती शिवत बसलेली दिसली. मला बरं वाटलं, म्हटलं मन रमवतेय. मग ते तिचं पुसणं सुरू झालं. आम्ही सगळ्याजणी तिच्या भांड्यांचं कौतुक करायचो, सोजर. भांड्यांचं!"

यज्ञेश्वरकाकांनी गॅलरीतला पेपर खाली केला होता.

सोजर घरी आली. फडकं तिनं सुलटं केलं, कुंची पुन्हा आत गेली, आणि सारी भांडी तिनं टॉवेलच्या तुकड्यानंच पुसली. ऊन कलताना जयसिंग आला. चहा पुढं ठेवून ती समोर बसली.

"अहो, तो छताचा आकडा कोण पुसतं?"

"कुठला आकडा?"

"पाळण्याचा."

कपबशी वाजली. तो म्हणाला, "मी वर बघतच नाही, सोजर. तेव्हापासून."

"त्याचं नाव काय ठेवणार होता?"

"कुणाचं?" असं त्यानं विचारलं, पण तिच्या मांडीवर ते फडकं पाहिलं आणि मान फिरवली. "ते नाव कुणी घेतलेलं नाही. ती घ्यायला गेली की मी म्हणायचो, नको. जे राहिलं नाही त्याचं नाव कशाला? शेवटी शेवटी तिनं विचारणंच सोडलं. नुसती पुसत बसायची."

"मग ती अजून विचारतीया," सोजर म्हणाली. "मला वाटत होतं माझ्या पोटावर तिचा डोळा हाय. माझ्या पोटाशी तिला काय करायचंय? ती तिच्या लेकराला नाव मागतीया. उद्या द्याल का?"

तो उठला, चहा तसाच ठेवून बाहेर गेला.

नवमीला सवाष्ण म्हणून सोजरनं श्यामलाकाकूंनाच बोलावलं होतं. कुणी काय म्हणेल असं तिला वाटलं होतं, पण काकू म्हणाल्या, "साखर संपली की माझ्या दारात यायची कुसुम. तिच्या नावानं जेवायला मला कसलं आलंय सोवळं?" पुरणपोळी, कटाची आमटी, भाजी, खीर. एक पान काकूंना, एक पान कुसुमच्या तसबिरीपुढं. टाक गळ्यातून काढून तिनं पानाशेजारी पाटावर ठेवला. आणि मग, रीत नसताना, मोठ्या पानाच्या कुशीला एक छोटी वाटी ठेवली. वाटीत दूधभात, मऊ कालवलेला. वाटीखाली ते फडकं.

काकूंनी वाटीकडे बघितलं. पदर डोक्यावर ओढून घेतला.

जयसिंगनं रजा घेतली होती, पण तो दारातच उभा होता. सोजरनं पानाभोवती पाणी फिरवलं. वाटीपाशी आल्यावर तिचा हात थांबला. "कुणाला म्हणून वाढू?" तिनं विचारलं. मोठ्यानं विचारलं.

स्टोव्ह विझताना करतो तो आवाज आला. सोजरच्या पोटात लेकरानं लाथ मारली. जयसिंग आत आला. खोलीच्या मधोमध उभा राहिला, आणि त्यानं मान वर केली.

तो बघतच राहिला. आकडा लखलखत होता. जाळ्यांच्या मधोमध, धुरकट चुन्यात, एकटाच.

"अनंत," जयसिंग म्हणाला. पुन्हा म्हणाला, तसबिरीकडे वळून. "ऐकलंस का? अनंत. आपण ठरवलं होतं तेच."

मग तो पाटाजवळ बसला, आणि काकूंच्या समोर, बायकोच्या समोर, लहान पोरासारखा रडला. काकूंनी खिरीची वाटी बाजूला सारली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. सोजरनं वाटीभोवती पाणी फिरवलं.

त्या दिवसानंतर आकड्याला गंज चढायला लागला. आधी टोकाशी तांबूस, मग सगळाच. सोजर रोज सकाळी वर बघायची आणि त्या गंजाला मनातल्या मनात हात जोडायची. टाकही काळा पडला नाही. माघात मांजरीला ती बाळंत झाली, मुलगी झाली, गोरीपान, भरल्या अंगाची. तिथंच बारसं केलं. नाव ठेवलं शालू. तुळजाबाईनं नवी कुंची शिवली होती, ती सोजरनं आधी टाकाला लावली, मग लेकीच्या डोक्यावर घातली.

सव्वा महिन्यानं ती कोथरूडला परतली. जयसिंगनं आकडा पॉलिशपेपरनं घासून ठेवला होता, पाळणा टांगला होता. फडकं खिळ्यावर होतं. सोजर आता ते वापरायची नाही, धुवायचीही नाही. सणावाराला तेवढं झटकून पुन्हा लावायची.

एके सकाळी जयसिंग कामावर गेला. सोजरनं शालूला न्हाऊ घातलं, धुरी दिली, पाळण्यात घातलं. काजळ लावायच्या आधीच मुलीला झोप लागली, म्हणून काजळाची डबी तशीच पाळण्याखाली ठेवून ती धुणं वाळत घालायला मागे गेली. लेंगे, झबली, एकेक झटकून दोरीवर टाकत होती. आत पाळण्याची करकर ऐकू येत होती. वाऱ्यानं हलत असेल, असं तिला वाटलं. मग तिनं दोरीवरच्या कपड्यांकडे बघितलं. एकही हलत नव्हता.

ती धावत आत आली.

पाळणा झुलत होता. शालू झोपेत हसत होती. तिच्या गालावर काजळाची तीट होती. गोल, नेटकी, अंगठ्यानं टेकवलेली.

सोजर लेकीला तीट लावायची ती समोर बसून, उजव्या हातानं, मुलीच्या डाव्या गालावर यायची. ही उजव्या गालावर होती.

काजळाची पितळी डबी पाळण्याखाली होती, जिथं ठेवली तिथंच. पण सकाळी तिच्यावर तेलाचे हात लागले होते. आता ती पुसलेली होती. झाकणात तोंड दिसत होतं.

सोजरनं दाराआड बघितलं. फडकं खिळ्यावर होतं, बोटं वाकवून. तिच्या ओल्या हातात लेकीचं झबलं होतं. ते गालापर्यंत नेलं. तीट पुसायला एक क्षण पुरे होता.

तिचं पोर होतं. अख्ख्या घरात तिच्या एकटीचं असं तेवढंच होतं.

पाळण्याचा वेग कमी होत चालला होता. सोजर पाळण्याच्या एका अंगाला सरकून बसली, दुसऱ्या अंगाला जागा सोडून. झबलं मांडीवर ठेवलं.

"हळू हलवा बाई," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."